गुरुने आधी मला विचारलं

मांडवी, रत्नागिरी
ता. १३ नोव्हेंबर, गुरुवार

मालनअक्का,

थोरली आहेस म्हणून आधी पाया पडते. आम्ही इकडे बरे, तुम्ही तिकडे बरे असाल, असं लिहायचं असतं. ते मी लिहीत नाही. तू बरी नाहीस हे मला ठाऊक आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लागेल तसं वाच, पण शेवटपर्यंत वाच. मध्येच फाडू नको.

ह्यांचा गुडघा धरलाय. माझं खानावळीत चाललंय, रोज साठ माणसांचा स्वयंपाक. तुमची भातकापणी आटपली आणि पेंढा पावसात भिजला असं कळलं. तुझी सून श्रद्धा माझ्याकडेच आहे. नीट आहे. म्हणजे जेवते.

आपण दोघी सात वर्षं बोललो नाही. का, असं कोणी विचारलं तर मला धड सांगता येत नाही. शिमग्याची पालखी आधी कोणाच्या अंगणात नाचवायची, यावरून तुमच्या वरच्या वाडीचा एक म्हातारा आणि आमच्या खालच्या वाडीचा एक म्हातारा भांडले. दोघांचंच भांडण. तुमच्याने सोयऱ्यांची वाडी बोलावली. मग आमच्याने नदीपलीकडची माणसं आणली. त्या पलीकडच्यांचं पालखीत काय अडलं होतं? काही नाही. एकमेकांना शब्द दिलेला, बस. देव राहिला सहाणेवर, पालखी टेकवायच्या चौथऱ्यावर, आणि दगड उडाले. तुझ्या नवऱ्याचा, आमच्या भावजींचा, हात मोडला. ते वरच्या वाडीचे, माझे हे खालच्या वाडीचे, म्हणून तू माझ्याशी अबोला धरलास आणि मी तुझ्याशी. तू मला कधी वाकडं बोलली नव्हतीस. मी तुला बोलले असेन, माझं तोंडच तसं, पण त्या कारणाने नाही.

एकटा तुझा गुरु तेवढा दोन्हीकडे यायचा. बोटीवरनं सुट्टीत आला की आधी तुझ्याकडे, मग तुला न सांगता मांडवीला. दारातनंच ओरडायचा, "मावशे, वरच्या वाडीचा हेर आलाय! चहा देतेस की दगड?" मी म्हणायचे, "मेल्या, आधी पाय धू."

मोठ्या देशांचं भांडणसुद्धा त्यानेच मला समजावलं. मागल्या सुट्टीत माझ्या ओट्यावर बसून, शेंगा खात. म्हणाला, "आमच्या बोटीवर झेंडा कुठल्याशा बेटाचा. मालक दुसऱ्याच देशाचा. आतला माल तिसऱ्याचा. आता ह्या मालकाच्या देशाची दोस्ती एका बड्या देशाशी, आणि त्या बड्याचं दुसऱ्या बड्याशी वैर. ते दोघे समोरासमोर येत नाहीत गो. आपापल्या पाठच्यांना हत्यारं देतात. ते पाठचे तांबड्या समुद्राच्या तोंडाशी बसून बघतात, बोट कोणाची, कोणाच्या दोस्ताची."

मी म्हटलं, "म्हणजे आपला शिमगाच की रे."

तो हसला. मीसुद्धा हसले.

आता पुढचं. हे लिहायला मला तीन दिवस लागले, दोन कागद चुलीत घातले.

असल्या पाण्यात बोट न्यायची तर कप्तान आधी प्रत्येकाला विचारतो. येणाऱ्याने कागदावर सही करायची, त्याला तेवढ्या दिवसांचा पगार दुप्पट. नको म्हणेल त्याला आधीच्या बंदरात उतरवून घरी पाठवतात. गुरुने सही केली. पाचव्या दिवशी बोटीला मार बसला तो नेमका इंजिनात, आणि हा खाली इंजिनातच कामाला. अंगसुद्धा मिळालं नाही. तुम्ही दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिलात. आणि दहाव्याला चार बायकांसमोर तू श्रद्धाला म्हणालीस, "तुला रत्नागिरीत फ्लॅट हवा होता. तूच माझ्या लेकराला सही करायला लावलीस." तिची पिशवी आणून ओटीवर ठेवलीस.

अक्का, तिने नाही सांगितलं. मी सांगितलं.

त्याचा फोन आला तेव्हा खानावळीत दुपारची गर्दी होती. कढईत तेल तापलेलं, बांगडे तळायचे होते, बाहेर माणसं ताटं वाजवत होती. गुरु म्हणाला, "मावशे, मला नको वाटतंय. श्रद्धा तर नकोच म्हणते, रडते सारखी. आईला विचारलं तर ती काळजीने जेवायची नाही. तू सांग." तुझ्या आधी त्याने मला विचारलं, याचं मला बरं वाटलं. तेसुद्धा लिहिते. आणि मी काय म्हटलं? म्हटलं, "आपला झेंडा आहे का त्यावर? आपण कोणाच्या बाजूचे? आपल्याला कोण कशाला मारेल? बायकांसारखा घाबरतोस काय, कर सही न् मोकळा हो. माझं तेल जळतंय." आणि फोन ठेवला.

त्याने "मावशे, पण" म्हटलं होतं. आणखी काहीतरी बोलणार होता. मी ठेवला.

शिमग्यात भावजी कोणाच्या बाजूचे होते गो? ते तर भांडण सोडवायला मध्ये गेले होते. हे मी डोळ्यांनी बघितलेलं. तरी मला त्या वेळी आठवलं नाही.

वर्षभर मी गप्प राहिले. शिव्याशाप पडत होते श्रद्धाच्या अंगावर, आणि मी तिला घरात ठेवून घेतलं म्हणून आळीतल्या बायका मला चांगली म्हणत होत्या. ते मी ऐकून घेतलं. वाटायचं, हिला कुठे काय माहीत आहे.

चार दिवसांपूर्वी भांडी घासताना ती सहज बोलून गेली, "त्या दिवशी त्यांचा मेसेज आला होता मला. मावशी म्हणाली कर सही, म्हणून करतोय, असा." मी ओरडले तिच्यावर. तिच्यावरच! "मग सासूला का नाही दाखवलास? एवढं ऐकून का घेतलंस?"

ती म्हणाली, "आईंना बहीण एकच. आधीच बोलत नाही त्या तुमच्याशी. हे कळलं असतं तर कधीच बोलल्या नसत्या."

अक्का, पंचवीस वर्षांची पोर आहे ती.

पुढच्या शनिवारी वर्षश्राद्ध आहे. तिला त्या दिवशी तिच्या घरात बसू दे. गुरुच्या पानाला नैवेद्य तिच्या हातचा जाऊ दे. गावात ज्या चार बायकांसमोर तिला बोललीस, त्यांना बोलावून हे पत्र वाचून दाखव. माझं नाव घेऊन वाच. तुला काय म्हणायचं ते मला म्हण, उभ्या जन्मात पुन्हा तोंड बघू नको, मी एक शब्द उलटा बोलणार नाही. माफ कर असं मी लिहीत नाही. ते मागायची वस्तू नाही.

शनिवारी पहिल्या मंडणगड गाडीने मी तिला घेऊन येते. तुमच्या वाडीच्या पाखाडीच्या पहिल्या पायरीपर्यंत सोडीन आणि तिथूनच मागे फिरेन. वर ती एकटी येईल. दार उघडं ठेव.

जिचा फोन त्या दिवशी लागायला नको होता, ती तुझी धाकटी,
चिमा