तिच्या श्वासाएवढं लूप

३ मार्च
लेकीकडे कायमचा राहायला आलो. पूर्वेची खोली, उन्हातलं टेबल, त्यावर नवा कॉम्प्युटर. हिची, लेकीच्या आईची, खुर्चीही लेकीने खिडकीशी मांडलीय. चाळीस वर्षं प्रोग्रॅम लिहिले. आता एकच जवळचा उरलाय. जाण्यापूर्वी हिने शाळेतली लाडकी कविता तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करून ठेवली, ती म्हणणारी छोटी पेटी मी केली. ‘जाई म्हणते, थांब जरा... रे वाटसरा.’ ‘जरा’नंतर ही श्वास घ्यायची. तेवढ्या वेळासाठी मी एक लूप घातलंय. काहीही न करता ते नुसतं आकडे मोजतं. जावई हसून म्हणाले, बाबा, अगदीच रिकामटेकडं लूप! म्हटलं, माझ्यावरच गेलंय.

५ मार्च
पेटी सामानात दबून बिघडली. नवीन आणली. लेक म्हणाली, बाबा, ऑप्टिमायझेशन तीनवर ठेवा, बिनकामाचं सगळं काढून टाकतं, कसं पळेल बघा! ठेवलं. बिल्ड अडला. या पेटीच्या लायब्ररीत, म्हणजे तयार फंक्शन्सच्या साठ्यात, आवाज कॉपी करायचं फंक्शनच नाही. त्याच नावाचं मी हाताने लिहिलं, चार ओळींत. जुनी बोटं अजून वळतात!

६ मार्च
पेटी बोलली, पण श्वास नाही. काही उपयोग नाही असं ठरवून कंपायलरने, माझा प्रोग्रॅम पेटीच्या भाषेत उतरवणाऱ्याने, माझं लूप काढून टाकलं. वर माझ्या चार ओळी पाहून त्याला वाटलं, ही तर लायब्ररीतली कॉपी. म्हणून त्याने तिथे लायब्ररीलाच हाक घातली. पण त्या नावाचं फंक्शन तर माझंच. ते स्वतःलाच बोलावत बसतं. पेटीत ही अडकलीय: थांब जरा थांब जरा थांब जरा.

७ मार्च
ऑप्टिमायझेशन शून्यावर आणलं. पुन्हा बिल्ड केलं. काही फरक नाही. खिडकीशी हिची खुर्ची नाही. लेकीला विचारलं. म्हणाली, कसली खुर्ची, बाबा?

९ मार्च
हिचा चष्मा गेला. कवितांची वही कोरी — जे कुणाच्या उपयोगाचं नाही तेवढंच जातंय. लेक म्हणते, आई कविता म्हणायची? मला नाही आठवत.
पेटीची वायर काढली. तरी बोलते.

१० मार्च
जेवणाच्या टेबलावर दोनच ताटं. लेक दारात आली, मी तिथे नसल्यासारखी माझ्या अंगावरून नजर फिरवत नवऱ्याला म्हणाली, ही खोली उगाच रिकामी पडलीय. मी म्हटलं, बाळा — तिने दिवा मालवला.

११ मार्च
पेटी थांबली. ‘थांब जरा’ — आणि श्वास. हिचाच —
आता पुढचे शब्द येतील. तोवर मोजतो. काहीही न करता, नुसतं — एक — दोन — ती म्हणेपर्यंत — तीन — मी आहे गं, इथेच — चा