सात नंबरच्या ड्रमचा धुरा

४ नोव्हेंबर १९७४, सोमवार
आजपासून तलावावरची लाँच माझ्या ताब्यात. सीताबर्डीवर सायकलींचे पंक्चर काढणाऱ्या माणसाने, नागपूरहून बसने दीड तासावर, एवढ्या पाण्यावर हुकूम चालवावा, मजाच आहे! घाटावर एका खोलीचं ऑफिस: तीन पायऱ्या, ओसरी, खाट, टेबल. लाँच चालवायला धोंडबा. धरणाचं पाणी चढलं तेव्हा बुडालेल्या गावचाच तो. पहिल्याच फेरीत मला म्हणाला, मालक, हे सायकल नोहे, इले ब्रेक नसते. बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. मीही हसलो.
तांबडे-पांढरे रंगवलेले अकरा ड्रम वाट दाखवतात. प्रत्येकाला दोर, दोराला तळाशी दगड. सकाळच्या धुक्यात त्यांच्याच भरवशावर जायचं, नाहीतर बुडालेल्या झाडांचे खुंट लाँच फाडतील.

६ नोव्हेंबर
सात नंबरपाशी वाट मोठा वळसा घेते. पंचवीस मिनिटं फुकट. पलीकडच्या काठची इंदूबाई आज आजारी नवऱ्याला नागपूरला धंतोलीच्या डॉक्टरकडे नेत होती. आम्ही घाटाला लागेपर्यंत दहाची बस डोळ्यांदेखत निघून गेली. ती घाटावरच थांबली. नवऱ्याला सावलीत निजवून चारच्या बसपर्यंत पदराने वारा घालत राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
वाट सरळ करायची.

८ नोव्हेंबर
लांब बांबूने तळ चाचपला. सरळ वाटेत एकही खुंट नाही. मग सात नंबरचा दगड वर ओढला. चौकोनी, घडीव, चुन्याचा पट्टा अजून शाबूत. धोंडबाने हात लावला नाही. म्हणाला, हा मारोतरावच्या धुऱ्याचा, वावराच्या बांधाचा दगड. गाव उठलं तेव्हा ज्याच्या वावरावर ड्रम, त्याच्याच हद्दीचा दगड बांधून जागच्या जागी सोडला. धुरा सरकवायचा नाही म्हणूनच वाट वाकडी. अन् मारोतराव तर पाणी गळ्याशी आलं तरी धुऱ्यावरून उठला नाही, तिथंच बुडाला.
मी विचारलं, वावरच बुडालं, तर धुरा कोणाचा गा?
वावर बुडालं मालक, म्हणाला, सातबारा थोडीच बुडला.
दगड शंभर हात पलीकडे नेऊन सोडला.

९ नोव्हेंबर
सात नंबर जुन्या जागी. धोंडबावर संशय आला, पण तो रात्रभर माझ्याच ओसरीत घोरत होता. माझे कान तिखट आहेत. दगड पुन्हा हलवला.

११ नोव्हेंबर
आता सात नंबर जुन्या जागीही नाही. थेट खुंटांच्या राईत. धुक्यात आम्ही त्याच्यामागे गेलो. लाँच करकरली, एक म्हातारी पाण्यात पडता पडता राहिली.
मारोतराव, माझ्याशी भांडा. माणसं कशाला बुडवता?

१३ नोव्हेंबर
सात नंबरचा दगड ऑफिसच्या पायरीवर, दोर तुटलेला. ओला, शेवाळासकट. तलावात फेकला.
धोंडबा म्हणतो, नारळ फोडा, माफी मागा, जिथचा दगड तिथं ठेवा. काहून जिद्द करून राहिले?
मी म्हटलं, सोमवारी इंदूबाई नवऱ्याला पुन्हा नेणार आहे. तिला दहाची बस मिळाली पाहिजे. एवढंच.

१४ नोव्हेंबर
दगड उंबऱ्यावर. दुपारी, जागेपणी, ओसरीवर लोखंड घासत गेल्याचा आवाज. जमीन मोजायची साखळी. सायकलच्या साखळ्यांत आयुष्य गेलं, साखळीचा आवाज मी ओळखतो.
हद्द माझ्या दारापर्यंत आणली काय?

१६ नोव्हेंबर
दगड खाटेखाली. फेकणार नाही आता. उशाशी घेऊन झोपलो.

१७ नोव्हेंबर
धोंडबाला पक्कं सांगितलं: उद्या दगड माझ्या मांडीवर, मी छोट्या नावेत, डोंग्यात, वादाच्या जागेवर. तोवर भांडण माझ्याशी. तू ड्रमकडे बघू नको, घाटाकडे बघ आणि सरळ ये. तो रडला. पण हो म्हणाला.

१८ नोव्हेंबर, सोमवार
सकाळचे नऊ. डोंगा थांबवलाय. दगड मांडीवर, वही दगडावर. धुकं पातळ. मोठ्याने म्हटलं, मोजणी होऊ द्या समोरासमोर!

ड्रम हलले. वारा नाही. अकराच्या अकरा — माझ्याकडे.

पलीकडून लाँचचा आवाज. धोंडबा निघाला. साखळी खाली, डोंग्याच्या बुडाशी. कोणीतरी कड्या मोजतोय. आवाज पाण्याने भरलेल्या घशातला. बावीस. तेवीस.

ड्रम चारही बाजूंनी. चौकोन. माझ्याभोवती हद्द पडली.

लाँच सरळ गेली! मधे एकही ड्रम नाही, सगळे इथे — इंदूबाई पुढेच बसलीय, नवऱ्याचं डोकं मांडीवर — मिळणार बस, मारोतराव, मिळणार —

दगड जड होतोय. डोंग्याचा काठ पाण्याला लागला. सोडत नाही म्हटलं ना. बोटं — चिखलाची, दगडाच्या त्या बाजूने — ओढ, ओढ तू — मीही