मोटर कोणी चालू ठेवली?

ताई,

स्वयंपाकघरातला नळ वाहत राहिला म्हणून मी तुला पाहुण्यांसमोर नको ते बोलले. तेव्हापासून तू इथे पाऊल टाकलं नाहीस.

आज मला पाणी वाचवल्याबद्दल पुरस्कार मिळाला. निघायच्या घाईत इमारतीची मोटर मीच चालू ठेवली. गळ्यात हार घालून परतले, तर जिन्यावरून धो धो पाणी! शेजारी खालच्या मजल्यावरच्या नव्या सुनेवर तुटून पडले होते. मला बघून म्हणाले, "आता तुम्हीच सांगा हिला."

आणि मी सांगितलं गं. पुरस्कार घेताना केलेलं मघाचंच भाषण.

पोर रडवेली झाली. "तुम्ही म्हणताय म्हणजे मीच ठेवली असेल, काकू."

हे पत्र टाकायची हिंमत नाही. पण ताई, त्या दिवशी नळ नक्की तूच चालू ठेवला होतास ना?

तोंड लपवून बसलेली,
तुझी धाकटी