महिनाभर बंद

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. छकुली शाळेत जाते. चौकातलं किल्ल्यांचं दुकान तुमचे दादा रोज उघडतात. फक्त घराचं कुलूप त्यांनी पुन्हा बदललंय. समोरच्या शिंप्याकडे आपल्या किल्लीचा साचा आहे म्हणतात. शिंपी बिचारा आता आमच्याकडे बघतही नाही.

त्यांच्या खिशात गांजाची पुडी सापडली तेव्हा मी रडले होते. त्यांना कुणाकुणाचे आवाज ऐकू येतात म्हणून डॉक्टरबाईंकडे नेलं, तर बाईंनी विचारलं, "आवाज आधी की गांजा आधी?" मला काय ठाऊक? मी लग्न होऊन आले तेव्हा दोन्ही घरात होते.

बाई म्हणाल्या, "आज आजाराचं नाव सांगता येणार नाही. महिनाभर गांजा पूर्ण बंद ठेवा. भास नशेचे असतील तर बहुतेक ओसरतील. राहिले, तर हा आजार वेगळा. मग औषधं बरीच वर्षं घ्यावी लागतील."

भाऊजी, त्यांनी खरंच बंद केला. झोप नाही, जेवण नाही, सारखे माझ्यावर खेकसायचे, पण पुडीला शिवले नाहीत. दिलेला शब्द त्यांनी आजवर इतका कधी पाळला नव्हता.

महिना झाला. काल जेवताना ते भिंतीकडे बघून म्हणाले, "हळू बोला, पोर ऐकतेय."

मी मग त्यांचे खिसे, हत्यारांची पेटी, कुलपांचे खोके सगळं उलथंपालथं केलं. पुडी सापडावी म्हणून. ह्यांनी चोरून ओढलेला असू दे, असं देवाकडे मागत होते, बायको असून. काही सापडलं नाही. तिथेच जमिनीवर बसून रडले.

पुढच्या आठवड्यात बाईंकडे जायचंय. "अजून ओढतात" असं सांगून टाकावंसं वाटतं. आणखी थोडे दिवस तरी ते नशेचंच राहील. औषध अडेल, हेही कळतं. परवा ते छकुलीच्या दप्तराची शिवण उसवून आत कोण ऐकतंय ते बघत होते, आणि ती दाराआड उभी होती.

तुम्ही दोघं एका खोलीत वाढलात. गांजाला हात लावण्याआधी त्यांना आवाज यायचे का? सासूबाईंना विचारलं की "पोर पहिल्यापासून हळवं" म्हणून विषय बदलतात. "नाही" असेल तर दोन ओळी पुरेत. "हो" असेल तर लिहू नका. ते मला एकटीला वाचायला लावू नका, स्वतः या.

तुमची वाट बघणारी, आणि तुम्ही दारात दिसू नये असं वाटणारी,
वहिनी