न घेतलेलं पंचगव्य

अप्पा, पंचगव्य मी अजून घेतलेलं नाही आणि आता या वयात घेणारही नाही, हे आधी सांगून टाकते. मग बाकीचं निवांत बोलू. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्याशी भांडायला बसले की माझी पाठ आपोआप ताठ होते. लिहिते आहे ते पुण्याच्या मराठीत, कारण आपली कुंभकोणची, तमिळ मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली मराठी इथे बोलले की बखरीतलं कोणीतरी उठून आलंय असं लोकांना वाटतं. तुमच्याशी मनातल्या मनात मात्र अजून तीच बोलते.

वादळानंतरचं ते वर्ष तुम्ही विसरला नसाल. तिरुनीलक्कुडीच्या पलीकडे चेरीत, म्हणजे गावाबाहेरच्या दलित शेतमजुरांच्या वस्तीत, एक भिंत धड उरली नव्हती. तिथे घरं बांधायला परदेशातल्या चर्चची तरुण मुलं-मुली बोटीने आली होती. त्यांना तमिळ येईना, वस्तीला इंग्रजी येईना. मी मिशनच्या शाळेत शिकलेली (त्या शाळेत तुम्हीच घातलंत मला, हेही लक्षात असू द्या), म्हणून तिथल्या बाईंनी विचारलं, दुभाषी म्हणून येतेस का. गेले. पण लोक राबताहेत आणि आपण बाजूला उभं राहून नुसतं बोलायचं, हे मला जमलं नाही. मीही विटा वाहू लागले. सकाळी तुम्ही तिरुभुवनम्‌च्या रेशीम सोसायटीत कारकुनीला निघालात की मागच्या बसने मी निघायची, आणि संध्याकाळी हातांना खोबरेल चोळत अम्मापाशी बसायची. तोवर तुम्ही काही बोलला नव्हतात. परोपकाराचं काम आहे, असं शेजाऱ्यांना सांगतही होतात.

पहिलं घर पुरं झालं ते एका एकट्या म्हातारीचं. मला ती सकाळ अजून दिसते. नव्या चुलीवर मडकं, मडक्यात दूध. नव्या घरात दूध उतू गेलं पाहिजे, म्हणजे घराला कधी काही कमी पडत नाही. हे आपल्या घरी तसंच चेरीतही. दूध वर चढतंय, सगळी वस्ती दारात गर्दी करून बघतेय, आणि तेवढ्यात ती सोनेरी केसांची पोर, जिने त्या घराच्या भिंती रचल्या, धावत जाऊन झग्याच्या टोकाने मडकं खाली उतरवते. दूध वाया जाऊ नये म्हणून. तिची बोटं भाजलेली, आणि चेहऱ्यावर मात्र आता कोणीतरी शाबासकी देणार अशी खात्री. म्हातारी हसत सुटली. तिने मडकं परत चुलीवर चढवलं, पोरीचा हात घट्ट धरून ठेवला आणि दूध चांगलं जाळावर ओसंडू दिलं. उरलेलं पेल्यांतून सगळ्यांना वाटलं. एक पेला माझ्यापुढे आला. म्हातारीचा हात जरा कचरला, आपल्याकडचं कोणी ते घेतं की नाही हे तिला ठाऊक होतं. मी घेतला आणि प्यायले. धुराचा वास होता, पण गोड होतं, अप्पा.

बातमी माझ्याआधी घरी पोचली. एकादशी तोंडावर आली होती आणि तुम्ही भजनाचे टाळ पुसत बसला होतात. लहानपणापासून विठ्ठलाच्या भजनात तुमच्यामागे ओळ धरायची ती मीच, भावांना सूर नव्हता. तुम्ही वर न बघता बोललात.

"एकादशीच्या आंत पंचगव्य घे. नाहीतर टाळांना हात लावूं नको. पानही आंत मांडणार नाही."

"कसाला, अप्पा? मी काय चूक केली?"

"चूक केली म्हणून तरी सांग. तेवढ्यानेही होईल."

मी सांगितलं नाही. अजूनही सांगत नाही. पंचगव्यातही दूध असतंच ना? चेरीतली गाय आणि आपली गाय एकाच बांधावर चरत होत्या. देवापुढे सगळे सारखे, असं तुम्ही डोळे मिटून इतकं सुरेख गात होता की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. डोळे उघडलेत की तुमची मुलगी मागच्या पडवीत जेवायला. अम्मा भातावर जास्तीचं तूप घालायची आणि पदर डोळ्यांना लावायची. मी चवीने जेवायची, मुद्दाम, आणि सकाळी परत बस पकडायची.

आता तुम्हाला माहीत नसलेलं. काम संपत आलं तेव्हा त्यांच्या मोठ्या पाद्रींनी मला बोलावलं. फार भला माणूस. म्हणाले, तुझ्यासारख्या मुलीला आम्ही बोटीने तिकडे नेऊ, शिकवू, मग देशोदेशी अशीच घरं बांधत फिरशील. फक्त आधी बाप्तिस्मा घे. मला जायचं होतं, अप्पा. किती जायचं होतं ते कोणाला कळणार नाही. पण मी म्हटलं, मी विटा वाहायला आले, देव बदलायला नाही. त्यांचा चेहरा उतरला. घरात यायचं तर पंचगव्य घे, बोटीत चढायचं तर बाप्तिस्मा घे. मला दोन्हीकडे आहे तशीच घेणारं कोणीच नव्हतं, म्हणून मी दोघांनाही नाही म्हटलं, आणि पुढे नोकरी मिळताच एकटी पुण्याला आले.

तुम्ही गेल्यावर अम्माने सांगितलं, शेवटच्या दिवसांत तुम्ही तिला विचारलंत, ती किरिस्ताव झाली का. तिला तरी कुठे माहीत होतं? मला का नाही विचारलंत? तुमची खरी भीती तीच होती, आणि नाही झाले, असं त्याच वर्षी सांगितलं असतं तर पंचगव्याविनाही आत माझं पान मांडलं गेलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण त्या एका शब्दावर मिळालेली जागा मला नको होती. झाले असते तरीही मी तुमचीच मुलगी होते. यावर मी एक पाऊलही मागे यायची नाही, पण हा कागद कुठे पाठवायचा नाही म्हणून पुढचं एवढं लिहिते. पाद्रींना नकार देऊन आले त्या संध्याकाळी तुम्ही ओसरीवर एकटेच बसला होतात. मी मागच्या दाराने न जाता समोरून आले, तुमच्या अगदी जवळ चप्पल काढली आणि उगीचच खोकले. तुम्ही विचारलं असतंत तर सगळं सांगणार होते.