सातवी अ मधली शांतता

९ जून, सोमवार
शाळा सुरू. वय सत्तेचाळीस, म्हणजे शाळेतला सर्वांत नवा आणि वयाने सर्वांत जुना शिक्षक मीच. अकरा महिन्यांचं कंत्राट. सातवी अ माझ्याकडे. मुलं त्रेचाळीस. मला संस्कृत शिकवायला घेतलं होतं. संस्कृत मिळालं, शिवाय मराठी, सामाजिक विज्ञान आणि 'उरलेलं'.
मुख्याध्यापिका सुवर्णाबेन म्हणाल्या, गोपालसर, नव्या माणसाला पहिले दोन महिने फार ताण येतो, काही वाटलं तर मोकळेपणी सांगा. मी मनात हसलो. पर्वत पाटियाच्या कापडबाजारात साडीच्या पेढीत एकवीस वर्षं पत्रव्यवहार सांभाळला. शेठ जे शिव्यांत सांगायचे ते मी 'सविनय' करून पाठवायचो. त्या माणसाला ताण?
संकल्प: रागवायचं नाही. दमायचं नाही. रोज दहा मिनिटं मौन. रोज ही वही.

१३ जून
रोज म्हणजे अगदी रोज असं नव्हे.
हजेरी फोनवर. जेवणाची संख्या फोनवर. चाचणीचे गुण फोनवर. फोन एक, पासवर्ड सात. शाळा मराठी माध्यमाची, पण परिपत्रकं सगळी गुजरातीत. गुजराती मला येते. देवनागरीची वरची रेघ पुसली की झालं. तरी पहिल्या बाकावरची हर्षदा माझ्या आधी वाचून मोकळी होते, म्हणून परिपत्रकं आता तीच वाचून दाखवते. आज म्हणाली, सर, तुम्ही गुजराती असं वाचता जसं कोणी देवळात चालतं. हळू हळू, पाया पडत पडत.
वर्ग हसला. मी रागावलो नाही. संकल्प शाबूत.

२० जून
टेबलावर तीन ट्रे मांडले. चिठ्ठ्या चिकटवल्या: अद्य, श्वः, परश्वः. आज, उद्या, परवा. मराठीत 'उद्या' म्हटलं की ओझं वाटतं, संस्कृतात वाटत नाही. शिपाई भटूने विचारलं, हे कुठल्या देवाचं? मी म्हटलं, कालदेवतेचं. त्याने परश्वःला नमस्कार केला. सगळ्यांत उंच ढीग त्याचाच आहे.
सातवी ब च्या रुपालीबेन स्टाफरूममध्ये रडल्या. वय सव्वीस, दुसरंच वर्ष. डोळे पुसून बशीभर लोचो खाल्ला आणि तासाला गेल्या. पाच मिनिटांत भिंतीपलीकडून त्यांचं ओरडणं सुरू. इतका चढउतार बरा नव्हे. मधल्या सुट्टीत सल्ला दिला, बेन, खोल श्वास घेत जा. त्या म्हणाल्या, सर, तुम्ही घेता का पण? मला कधी दिसला नाही.
मुलगी विनोदी आहे. टिकणार नाही.

२ जुलै
बायकोने, योगिताने, सकाळचा चहा बिनसाखरेचा दिला. चुकून नव्हे, तपासायला. म्हणाली, चौथा दिवस आहे, तुम्हाला कळलंसुद्धा नाही. जिभेवर जय मिळवायला ऋषींना तपं लागत. मला तीन आठवडे पुरले.
मौनाची दहा मिनिटं वेगळी काढावी लागत नाहीत. दिवसभरच चालू असतं.

१४ जुलै, सोमवार
हर्षदा गुरुवारपासून गैरहजर. सुवर्णाबेननी बोलावून बसवलं. म्हणाल्या, घरभेट करा, या शनिवारच्या आत. आठ ऑगस्टला महिना भरतो. मग नाव शाळाबाह्य यादीत जाईल, ते मी कागदावर परत आणीन हो, पण पोरगी परत येत नाही. बाराव्या वर्षी एकदा घरच्या कामाला बसली की उठत नाही, गोपालसर. एकवीस वर्षांत अशा किती पाहिल्या मी. आणि ही तर वर्गात सगळ्यांत छान वाचते.
मी शांतपणे ऐकलं. चिठ्ठी श्वःमध्ये ठेवली.

१९ जुलै, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर साडेअकराला हर्षदाच्या चाळीत गेलो. सगळी दारं बंद. एका म्हाताऱ्याने सांगितलं, रातपाळीची माणसं आहेत, लूमवरून सातला आली, आता पाचपर्यंत उठायची नाहीत. तिच्या दारासमोर दोन मिनिटं उभा राहिलो. आतून पंख्याचा आवाज. श्रमिकाची झोप मोडणं हे पाप.
रजिस्टरमध्ये लिहिलं: घरभेट झाली. दारापर्यंत. 'दारापर्यंत' जरा बारीक अक्षरात.

२६ जुलै, शनिवार
आज जाणारच होतो. पण चाचणीचे गुण भरायचे होते. भरले. उडाले. पुन्हा भरले. काही वाटलं नाही. रुपालीबेनचेही उडाले, तर त्यांनी मोबाइल बाकावर आपटला, कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या आणि मग हसत सुटल्या. मी त्यांच्याकडे करुणेने पाहिलं.
दुपारी मोठी बातमी. परिसरातल्या सहा शाळांच्या शिक्षकांसाठी सात ऑगस्टला 'तणावमुक्त अध्यापन' यावर व्याख्यान आहे. सुवर्णाबेननी माझं नाव दिलं. म्हणाल्या, तुमच्या चेहऱ्यावर कधी काही दिसतच नाही. दीड महिन्यात ही कीर्ती!

३० जुलै
व्याख्यानाची तयारी. घरभेट श्वःमधून परश्वःमध्ये हलवली, तात्पुरती. परिपत्रकं वाचायला कोणी नाही, म्हणून तीही तिथेच.
स्वतःचं एक सूत्र रचलं: यत् श्वः, तत् श्वः. जे उद्याचं, ते उद्याचं. इथे संधी करायला हवी, केली नाही. शिक्षकांना आणखी ताण नको.
योगिता म्हणाली, अहो, दीपक आला होता. मी म्हटलं, वा, कधी? ती म्हणाली, दोन दिवस राहून सकाळी गेला. तुम्ही त्याच्याशेजारी बसून जेवलात. त्याने विचारलंसुद्धा, ताई, भाऊजी माझ्यावर रागावलेत का?
रागावलेलो नाही. कोणावरच नाही. हेच तर लोकांच्या ध्यानात येत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
व्याख्यान झालं. चाळीस मिनिटं. टाळ्या. प्रमाणपत्र, गुलाबाचं फूल, स्टीलची बाटली. कामरेजहून आलेल्या एका शिक्षकाने विचारलं, सर, वर्गातलं एखादं मूल अडचणीत असेल तेव्हा शांत कसं राहायचं? मी म्हटलं, अंतर राखून. त्याने लिहून घेतलं. रुपालीबेन दुसऱ्या रांगेत झोपल्या होत्या.
सुवर्णाबेननी अभिनंदन केलं आणि त्याच दमात विचारलं, हर्षदाचं काय झालं? उद्या महिना भरतो. मी म्हटलं, प्रगतिपथावर आहे. त्या चष्मा काढून नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

८ ऑगस्ट, शुक्रवार
संध्याकाळी सातला गेलो, पाळी बदलताना. दार उघडं. खोलीभर साड्या, गुडघ्याइतक्या उंच. मध्ये हर्षदा, हातात छोटी कात्री. भरतकामाच्या साड्या घरी येतात, मागचे लोंबते धागे कापून परत द्यायच्या असतात. आई सुंदराबाई घड्या घालत होत्या. मला बघून लगबगीने उठल्या, एक गठ्ठा सरकवून जागा केली.
मी विचारलं, मुलीची शाळा का बंद केली? आवाज बराच गंभीर काढला होता. बाईंना नवल वाटलं. म्हणाल्या, आते काय सांगू सर, तुमले इचारीसनच बंद करं ना तिनी.
मला विचारून!
मग हर्षदाने सांगितलं. नऊ जुलैला, शाळा सुटल्यावर, ती माझ्या टेबलाशी आली. मी फोनमध्ये हजेरी भरत होतो. ती म्हणाली, सर, आईला आता बारीक दिसत नाही, साडीला कात्री लागते, मग शेठ काम देत नाही. उद्यापासून धागे कापायला मी बसणार, शाळेत येणार नाही. मी म्हटलं, बरं. आणि म्हटलं, जाताना पंखा बंद कर.
तिने पंखा बंद केला. म्हणाली, मी थोडा वेळ तिथंच उभी होते, सर. मला वाटलं, तुम्ही ओरडाल.
हे ती तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. कात्री चालूच होती.
मला यातलं काही आठवत नाही. वहीत नऊ जुलैची नोंदच नाही. चहा घेतला. गोड होता की नाही, सांगता येणार नाही. रस्त्यावर येऊन शरम वाटते का ते बघितलं. पाय बधिर झाल्यावर चिमटा काढून बघतो तसं. काही लागलं नाही.
घरी योगिताला सगळं सांगितलं. तिने लाटणं खाली ठेवलं. म्हणाली, डोळ्यांनी दिसत नाही तर चष्मा लागेल, त्यात शाळा सोडण्यासारखं काय आहे? त्या रुपालीबेनना फोन लावा. आत्ता. नाहीतर तुम्ही ट्रेमध्ये ठेवाल.
लावला. रुपालीबेननी ऐकून घेतलं आणि मग ओरडल्या. फोन कानापासून लांब धरला तरी योगिताला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. महिनाभर काय करत होतात सर? ती मुलगी तुम्हाला सांगायला आली होती ना? सांगायला आली म्हणजे, नाही म्हणा असं म्हणायलाच आली होती! एवढं कळत नाही?
योगिता म्हणाली, बरोबर बोलतेय मुलगी.

११ ऑगस्ट, सोमवार
शनिवारी राखीची सुट्टी, काल रविवार. दोन्ही दिवस मी कृतियोजना लिहिली. सहा टप्पे. आज कळलं, रुपालीबेन कालच सुंदराबाईंना आणि हर्षदाला स्कूटरवर मागे बसवून चष्मेवाल्याकडे घेऊन गेल्या. तपासणी, चष्मा, सगळं एका दुपारी. सुंदराबाईंनी चष्मा लावून आधी पोरीचा चेहरा पाहिला आणि म्हणे तिथंच तिला रागावल्या, किती वाळलीस म्हणून.
सुवर्णाबेननी कुठे काय फिरवलं माहीत नाही, पण नाव शाबूत आहे. हर्षदा शाळेत आली. मधल्या सुट्टीत भेटून नमस्कार केला आणि एक अर्ज दिला. तुकडी बदलण्याविषयी. सातवी अ मधून ब मध्ये. वर्गशिक्षकाची सही हवी होती. अक्षर सुंदर, एकही चूक नाही. 'कारण' या रकान्यात एकच ओळ: तिकडच्या बेन ओरडतात.
पूर्ण वाचला. दोनदा. सही केली. आता माझ्याकडे बेचाळीस.

१२ ऑगस्ट
तिसऱ्या तासाला ओरडायचं ठरवलं. कारण शोधत होतो. शेवटच्या बाकावर दोघे जण चिंचेसाठी भांडत होते, ते पुरेसं वाटलं. उभा राहिलो, टेबलावर हात आपटला (उजवा, अजून दुखतोय) आणि म्हणालो की हे मुळीच योग्य नाही, मला याचा अतिशय राग आलेला आहे.
वर्ग थांबला. चिंचवालेही. सगळे माझ्याकडे बघू लागले. मग भागीरथीने हात वर केला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, सर, तुम्ही आत्ता ओरडलात का?
मी म्हटलं, हो.
तिने मागे वळून वर्गाला सांगितलं, ए, सर ओरडले. गप्प बसा रे.
आणि बसले. बेचाळीसच्या बेचाळीस, हाताची घडी घालून, तास संपेपर्यंत. माझं मन राखायला.