आईची स्वतंत्र खोली

बारामती,
१२ जानेवारी १९९७

ती. करुणाताईस,
सप्रेम जयभीम.

आईला इंदापूरच्या वृद्धाश्रमात स्वतंत्र खोली मिळाली. अधीक्षक मोहनरावांनी काल स्वतः फोनवर सांगितलं. सरकारी अनुदानावरच्या आश्रमात अशी सोय होईल असं वाटलं नव्हतं. बाकीच्या तिघी एका मोठ्या खोलीत, आणि आपल्या आईला मात्र खाट, खिडकी, पाण्याचा माठसुद्धा वेगळा.

कळस गावच्या आपल्या घरात ती पडली, तेव्हापासून तिला एकटं ठेवायची भीती वाटत होती. आमचं तिसऱ्या मजल्यावरचं घर तिला खुराडं वाटतं. आता घोर मिटला. तू मला जन्मभर बावळट म्हणत आलीस, तो शब्द तेवढा मागे घे.

मुलांना आत्याची फार आठवण येते. पत्र धाड.
तुझा, सोमनाथ


नाशिक,
१९ जानेवारी

चि. सोमनाथ,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आनंद झाला, पण माठापर्यंतच. माठ वेगळा कशाला रे? नोकरीच्या पहिल्या गावात मलाही असाच स्वतंत्र कप मिळाला होता, हॉटेलच्या मागच्या खिळ्याला टांगलेला. पहिल्या दिवशी मलाही तो मानच वाटला.

इंदापूरला जा आणि मोठ्या खोलीत खाट रिकामी आहे का ते बघ. भांडू नकोस. तुझा आवाज चढला की मुद्दा खाली पडतो. बावळट हा शब्द सध्या माझ्याकडेच राहू दे.

सर्वांना माझी आठवण सांग, आणि रागावू नकोस.
ताई


बारामती,
२७ जानेवारी

ती. ताई,
सप्रेम जयभीम.

मोठ्या खोलीत चौथी खाट रिकामीच होती, वर सतरंज्यांची चळत. आईनं गठुडं बांधून ठेवलं होतं. म्हणाली, भिंतीपलीकडे तिघी हसतात आणि मी भिंतीशी बोलते, त्यापेक्षा कळसला एकटी बरी. आधी सांगितलं नाही, कारण मी फोनवर फार खुशीत होतो.

मोहनराव माणूस वाईट नाही. चहा देऊन म्हणाले, तुम्ही बौद्ध, या बायका जुन्या वळणाच्या, कुणाचं मन दुखू नये म्हणून आधीच व्यवस्था केली. मी विचारलं, त्यांना विचारलं होतं का? नाही. आईला? तेही नाही. मग त्यांनीच तिघींना बोलावलं. कळंबच्या निवृत्त शिक्षिका यशोदाबाई म्हणाल्या, आम्हाला वाटलं अक्काबाईंनीच खोली मागितली, मुलगा साहेब म्हणून बाई तोऱ्यात आहेत. सारजाबाईंनी मान डोलावली. द्वारकाबाई मात्र सरळ म्हणाल्या की त्यांना चालणार नाही.

मोहनरावांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, घर सरकारचं आहे, रिकामी खाट अक्काबाईंची. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी स्वतंत्र खोली आहेच. माझा आवाज चढवायची वेळच आली नाही. आईनं तोवर अंथरूण काखेत मारलं होतं.

द्वारकाबाई त्याच संध्याकाळी वेगळ्या खोलीत गेल्या. पुढं काय होतं ते कळवीन. तोवर तुझी माया असू दे.
बावळट सोमनाथ


इंदापूर,
६ फेब्रुवारी

चि. सोमनाथ आणि करुणा यांस आईचा जयभीम.

यशोदाबाई लिहून देतायत. मी म्हटलं, बोलते तसंच लिवा, सुधारू नगा. हे पत्र वाचून सोमनाथनं करुणाला पाठवावं.

मी मोठ्या खोलीतच हाय. गठुडं सोडलं, कळसला जात न्हाय. द्वारकाबाई वेगळ्या खोलीतनं तीन रातीत परत आल्या. म्हणल्या, तितं करमत न्हाय, भिंतीकडं बघून जीव उबतो. मी म्हटलं, व्हय, मला ठावं हाय. त्यावर त्यांनी दिवा मालवू का, एवढंच इचारलं.

त्यांचा तांब्या अजून वेगळा हाय. असू दे. सारजाबाई म्हणती, भरायला त्यांनाच वाकावं लागतंय. रातीला मी आन् द्वारकाबाई दोघी घोरतो आन् यशोदाबाई जाग्या राहत्यात. (हे खरं आहे. — यशोदा)

सोमनाथ, रविवारी येशील तवा शेंगदाण्याची चटणी आण. येकटीपुरती नगं, चौघींची आण. सूनबाईला सांग, मिरची बेतानं टाक. द्वारकाबाईंना तिखट सोसत न्हाय, तसं त्यांनीच सांगितलंय.

जीव लावता तसाच लावा.
तुमची आई, अक्काबाई